‘मर्ग’वर थांबू नका!

२४ जानेवारी २०२५ रोजी भंडारा जिल्ह्यातील जवाहरनगरच्या आयुध निर्माणीत स्फोट झाला. छत कोसळले, आठ कामगार ठार झाले. २०२४ च्या जानेवारीतही याच निर्माणीत स्फोटाने एका कामगाराचा बळी घेतला होता. वर्षभरात दोनदा घडते, त्याला ‘अकस्मात’ म्हणायचे काय?

वस्तीतल्या एखाद्या पोराजवळ नऊ इंचांहून लांब पात्याचा सुरा सापडू द्या. तत्काळ पंच हजर होतात, सुरा सीलबंद होतो, शस्त्र अधिनियम १९५९ खाली गुन्हा नोंदवला जातो. कायद्याला तत्परता ठाऊक आहे! मग कामगार दारूगोळ्याने मरतो तेव्हाही तीच तत्परता मागण्याचा आपल्याला अधिकार आहे.

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम १९४ काय सांगते? यंत्राने वा अपघाताने मृत्यू झाल्यास पोलिसांनी जागेवर जावे, परिसरातील किमान दोन प्रतिष्ठित रहिवाशांसमक्ष इन्क्वेस्ट पंचनामा करावा आणि चोवीस तासांत अहवाल जिल्हा किंवा उपविभागीय दंडाधिकाऱ्यांकडे पाठवावा. कलम १९६ नुसार दंडाधिकारी स्वतःही चौकशी करू शकतात. अशा चौकशीची खबर शक्य तेथे नातेवाइकांना देऊन त्यांना हजर राहू दिले पाहिजे.

परंतु मर्ग नोंदवून होणाऱ्या या चौकशीचा प्रश्न एवढाच, की माणूस कशाने मेला. कोणाच्या हलगर्जीपणाने मेला, हे शोधायचे तर गुन्हा दाखल व्हावा लागतो. भारतीय न्याय संहितेचे कलम १०६ त्यासाठीच आहे. शिक्षा पाच वर्षांपर्यंत. गुन्हा नोंदला की तपास कुठवर आला, हे नव्वद दिवसांत फिर्यादी वा पीडिताला कळविणे पोलिसांवर बंधनकारक आहे.

पहिला कागद कच्चा राहिला की काय होते, हे याच जिल्ह्याने पाहिले आहे. २००६ साली खैरलांजीत पहिले शवविच्छेदन इतके निकृष्ट झाले, की पुरलेले मृतदेह उकरून पुन्हा तपासावे लागले. तोवर पुरावा कुणाची वाट पाहत थांबत नाही.

भरपाई हा हक्कच आहे, ती जरूर घ्या. पण भरपाईचा धनादेश म्हणजे चौकशीचा निकाल नव्हे. कार्यकर्त्यांनो, असा मृत्यू घडताच सांत्वनाला जाल तेव्हा लेखी अर्जही सोबत न्या. पंचनामा वाचा, शवविच्छेदन अहवाल मागा, अर्जाची पोच घ्या. बाबासाहेबांनी आपल्या हाती कायदा दिला. तो वापरायचा की नाही, हे आपल्यावर आहे.