मानेची शस्त्रक्रिया आणि घरातली लपवाछपवी

वय वाढले की गळ्याची कातडी सैल पडते, हनुवटीखाली चरबी साठते. ती चरबी काढून कातडी ताणून घेण्याच्या शस्त्रक्रियेसाठी आता आपल्याकडूनही लोक पुण्या-मुंबईला जातात. ती करावी की नाही, हा ज्याचा त्याचा प्रश्न. माझा आक्षेप आहे तो नंतरच्या लपवाछपवीला.

माझ्याकडे टाके दाखवायला येणारे रुग्ण दार लागल्यावर हळूच ओढणी किंवा मफलर सोडतात. घरी ‘गाठ काढली’ असे सांगितलेले असते. जी जागा कोणीतरी वरचेवर पाहायला हवी, तीच झाकलेली राहते!

या शस्त्रक्रियेनंतर मुख्य धोका असतो तो कातडीखाली रक्त साकळण्याचा. बहुधा हे पहिल्या 24 तासांत घडते. रक्तदाब वाढलेला असेल तर धोका अधिक, आणि स्त्रियांपेक्षा पुरुषांत अधिक. थोडी सूज व काळेनिळेपणा सर्वांनाच येतो. तो दोन-तीन आठवड्यांत ओसरतो. परंतु एकाच बाजूला झपाट्याने वाढणारी सूज, वाढत जाणारी वेदना, ताणलेली जांभळी कातडी किंवा गळा आवळल्यासारखे वाटणे, ही लक्षणे दिसताच रात्र असली तरी सर्जनला फोन करावा. श्वासाला किंवा गिळायला त्रास होत असेल तर सकाळची वाट न पाहता 108 ला फोन करून जवळचे रुग्णालय गाठावे. म्हणूनच सर्जनची पहिली तपासणी होईपर्यंत शहरातच राहावे. दुसऱ्या दिवशी एस.टी.ने धक्के खात गावी येण्याचे धाडस करू नये.

घरी आल्यावर उशा लावून डोके उंच ठेवून झोपावे. रक्तदाबाची गोळी चुकवू नये. वेदनेसाठी लिहून दिलेलीच गोळी घ्यावी. दुकानातून मनाने आणलेल्या काही गोळ्यांनी रक्तस्राव वाढतो. हृदयासाठी अ‍ॅस्पिरिन घेणाऱ्यांनी ती स्वतःच्या मनाने बंद किंवा सुरू करू नये. वाकून केर काढणे, पाण्याच्या बादल्या उचलणे, शौचाला कुंथणे टाळावे. गळ्याची कातडी काही आठवडे, कधी काही महिने बधिर असते. तिथे शेक दिल्यास भाजलेले कळत नाही. टाक्यांवर हळद किंवा तेल लावू नये.

तंबाखूविषयी स्पष्टच सांगतो. निकोटिनने कातडीचा रक्तपुरवठा कमी होतो व जखमेच्या कडा काळ्या पडून कातडी मरू शकते. विडी, सिगारेट, गुटखाच नव्हे, तर आपल्या आयाबायांची मिश्रीही यातच आली. ती शस्त्रक्रियेच्या काही आठवडे आधीपासून बंद हवी.

लपवाछपवीचा सगळा दोष मी रुग्णाला देत नाही. ‘या वयात कसली नटण्याची हौस!’ असे टोमणे घरातच ऐकावे लागले, तर माणूस रात्री सूज वाढली तरी कोणाला उठवत नाही. टोमणे नंतरही मारता येतील. पहिल्या दोन रात्री मात्र सोबत करा, दर दोन तासांनी गळा पाहा.

शेजाऱ्यांना सांगावे की नाही, हे तुम्ही ठरवा. पण घरातल्या निदान एका जाणत्या माणसाला सारे ठाऊक असावे आणि सर्जनचा नंबर त्याच्याजवळ असावा. एवढी तयारी नसेल, तर शस्त्रक्रियेची तारीख घेऊच नये, असे माझे मत आहे.