उभ्या गाडीची बॅटरी

फेरारीसारख्या महागड्या स्पोर्ट्‌स कारसोबत कंपन्या बॅटरी मेंटेनर देतात, म्हणून हे यंत्र श्रीमंतांचे चोचले वाटते. खरी गरज मात्र नेकनूरसारख्या गावांत आहे. दसरा-दिवाळीनंतर बीड जिल्ह्यातली कुटुंबे ऊसतोडीला निघतात आणि मोटारसायकल मार्च-एप्रिलपर्यंत दारात उभी राहते. शिसे-आम्लाची बॅटरी वापराविनाही उतरते, उन्हात तर अधिकच. पूर्ण भरलेली असताना ती सुमारे १२.६ व्होल्ट दाखवते. बराच काळ उतरलेली राहिली की पट्ट्यांवर सल्फेटचे कठीण थर बसतात आणि मग चार्जिंग करूनही तिच्यात पहिला दम येत नाही. साधा चार्जर लावून ठेवला तर बॅटरी जादा चार्ज होऊन तिचे पाणी आटते. मेंटेनर बॅटरी भरताच प्रवाह अगदी थोडा करतो.

‘अधूनमधून सुरू करावी, झालं’ हा सल्ला फसवा आहे. स्टार्टर क्षणात ओढतो ते दोन मिनिटांच्या रिकाम्या धावण्यात भरून निघत नाही. वीजबिलाची भीतीही फोल; सरासरी ५ वॅट धरले तरी महिन्याला चारही युनिट होत नाहीत. भारनियमनाचा आक्षेपही टिकत नाही, चार-सहा तासांच्या खंडाने बॅटरीचे काही बिघडत नाही. कुलूपबंद घरात चालू यंत्र सोडून जाणे मात्र मलाही पटत नाही. तिथे बॅटरी भरून, काढून, मागे राहिलेल्या भावकीकडे ठेवावी. तीन-चार घरांत एक मेंटेनर पुरतो: दर महिन्याला एकेक बॅटरी पाळीपाळीने, हवेशीर ओसरीत लावायची.