किल्ली आपल्याच कमरेला हवी



कापूस वेचून गाडीत भरला की पूर्वी घोर लागे तो काट्याचा, कटतीचा आणि चुकाऱ्याचा. तो घोर गेलेला नाही. त्यात आणखी एकाची भर पडली आहे. २०२५ च्या हंगामात सीसीआयने हमीभावाच्या खरेदीसाठी ‘कपास किसान’ ॲपवर नोंदणी लावली. चुकारा, पीएम किसानचा हप्ता, विम्याची भरपाई, सारे बँक खात्यात येते आणि खाते बांधलेले असते एका मोबाईल नंबराला. वर्षाचा घाम त्या नंबरामागे साठतो. त्याला कुलपे किती आणि किल्ली कोणाकडे, याची चौकशी आता घरोघर झाली पाहिजे.

बहुतेकांच्या खात्याला एकच कुलूप आहे. पासवर्ड म्हणजे मुलाचे नाव, नाहीतर जन्मसाल. तोही अर्ज भरणाऱ्या सेवा केंद्रवाल्याच्या वहीत लिहिलेला. एकाने पाहिला की खाते उघडे. यावर उपाय म्हणजे दुहेरी कुलूप. मोबाईलच्या भाषेत त्याला ‘टू-स्टेप व्हेरिफिकेशन’ म्हणतात. तत्त्व सोपे आहे. माणसाची ओळख तीन गोष्टींनी पटते : त्याला जे ठाऊक आहे, म्हणजे पासवर्ड किंवा पिन; त्याच्याजवळ जे आहे, म्हणजे मोबाईल; आणि जे त्याच्या अंगाचे आहे, म्हणजे अंगठा किंवा चेहरा. यांतल्या दोन वेगळ्या जातीच्या खुणा जुळल्याशिवाय दार उघडायचे नाही. एक चोरीला गेली तरी दुसरी राखण करते. इंटरनेटवरून कार्डाने पैसे देताना अशी जादा पडताळणी रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २००९ पासून सक्तीची केली, ती याच कारणाने.

एकट्या अंगठ्यावर विसंबल्याची किंमत या मुलखाने पूर्वीच मोजली आहे. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांची खतपत्रे जाळली. कागदात काय लिहिले ते न कळता उठवलेल्या निशाण्यांनी जमिनी गेल्या होत्या. पुढे १८७९ च्या कायद्याने शेतकऱ्याचे खत गाव-निबंधकासमोर साक्षांकित होणे आवश्यक ठरवले. निशाणी एक आणि साक्ष दुसरी, हे दुहेरी कुलूपच होते.

आज तोच अंगठा यंत्रावर आला आहे. बँक मित्राकडे आधारवर पैसे काढताना आधार नंबर, बँकेचे नाव आणि बोटाचा ठसा एवढेच लागते. आधारच्या झेरॉक्स तर प्रत्येक कचेरीत पडून आहेत. म्हणजे खरे कुलूप उरले एक ठशाचे. कागदपत्रांवरील ठशांवरून नकली ठसे बनवून खाती रिकामी केल्याचे गुन्हे देशात नोंदले गेले आहेत. पासवर्ड बदलता येतो, बोट बदलता येत नाही. म्हणून आधारच्या ॲपमध्ये किंवा संकेतस्थळावर ‘बायोमेट्रिक लॉक’ लावून ठेवावे आणि पैसे काढायच्या वेळेपुरते उघडावे.

आता कामाचे.

पहिले, खात्याला जोडलेला नंबर आपलाच आहे का, ते बँकेत जाऊन पाहा. केंद्रवाल्याचा, भाच्याचा किंवा बंद पडलेला नंबर असेल तर बदलून घ्या. हंगाम संपला की रिचार्ज सोडून देण्याची आपली रीत आहे. बंद झालेला नंबर ९० दिवसांनंतर दुसऱ्या कोणाला दिला जाऊ शकतो. मग तुमचा ओटीपी त्याच्या खिशात वाजेल.

दुसरे, व्हॉट्सॲपच्या सेटिंग्जमध्ये अकाउंट, त्यात टू-स्टेप व्हेरिफिकेशन उघडून सहा आकडी पिन ठेवा. कोणी गोड बोलून तुमचा नोंदणीचा कोड काढून घेतला तरी पिनाशिवाय त्याचे पुढे चालत नाही.

तिसरे, गुगलचे मेल खाते असेल तर तेथेही हे कुलूप लावा. गावात रेंज नसेल तर ऑथेंटिकेटर ॲप घ्या. ते दर तीस सेकंदांनी नवा सहा आकडी कोड फोनमध्येच तयार करते. त्याला मेसेज लागत नाही, नेट लागत नाही. गुगल दहा राखीव कोडही देते. ते कागदावर उतरवून सातबाऱ्याच्या पिशवीत ठेवा. फोन विहिरीत पडला तर तेच कामी येतील.

मात्र दुसरे कुलूप लावून किल्ली आपणच चोराच्या हातात दिली तर इलाज नाही. ओटीपी बँकेच्या साहेबालाही सांगायचा नाही. पैसे घेण्यासाठी यूपीआय पिन कधीच लागत नाही. मागणारा ठगच समजावा. पीएम किसानच्या नावाने व्हॉट्सॲपवर एपीके फाईल आली तर हात लावू नका. ती एकदा फोनमध्ये शिरली आणि मेसेज वाचण्याची परवानगी मिळाली, की ओटीपी परस्पर पळवते.

ज्वारीच्या बियाण्याला किलोमागे चार ग्रॅम गंधक चोळले तर दाणे काणी टळते. कणसात काणी दिसल्यावर फवारणी करून उपयोग नसतो. येथेही तसेच आहे. तरीही पैसे गेलेच तर घरात कुढत बसू नका. लगेच १९३० वर फोन करा. पैसा चोराच्या खात्यातून पुढे सरकण्याआधी अडवता आला तर परत मिळण्याची आशा राहते. बँकेला लेखी कळवा, पोच घ्या. ग्राहकाचा दोष नसताना तिसऱ्याने घातलेला दरोडा तीन कामाच्या दिवसांत कळवला तर तोटा ग्राहकावर टाकू नये, असे रिझर्व्ह बँकेने जुलै २०१७ मध्येच बँकांना बजावले होते. ‘शेतकऱ्यालाच कळत नाही’ असे म्हणून हात झटकणाऱ्याला हे सुनवा.

प्रत्येक गावच्या बैठकीत अर्धा तास यासाठी काढावा, असे आम्ही सुचवतो. ज्या पोरापोरींना फोन कळतो त्यांनी म्हाताऱ्यांशेजारी बसून कुलूप लावून द्यावे. पिन मात्र ज्याचा त्याने टाकावा आणि शिकवणाऱ्याने तेवढा वेळ तोंड फिरवावे. मदत घ्यायला लाजू नये; पण मदतीच्या बदल्यात किल्ली देऊ नये.