सांबार आणि सॉरी

परवा रविवारी लेकीला घेऊन डोसा खायला गेलो. वय वर्षं २. पहिल्या पाच मिनिटांत सांबारात चमचा, मग चमच्यासकट हात, आणि मग तोच हात शेजारच्या काकांच्या पांढऱ्या शर्टावर! काका काही बोलले नाहीत. नुसतं बघितलं. ते जास्त लागतं.

अशा वेळी सोपा उपाय खिशातच असतो. मोबाईल दिला की पोरगी गप्प, काका खूश, डोसा गरम. मीही देत आलोय. पण जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या सूचनांनुसार या वयात दिवसाला १ तासापेक्षा जास्त स्क्रीन नको. आमचा तास तर घरीच संपलेला असतो!

माझं मत विचाराल तर, लोकांत कसं वागायचं ते लोकांतच शिकता येतं. आमच्या धंद्यात सांगायचं तर, खरं टेस्टिंग प्रॉडक्शनवरच होतं. सांडणार, रडणार. फक्त वेळ आली की उचलून बाहेर न्यायची तयारी आपली हवी. काकांनी का सोसावं?

तर त्या दिवशी मोबाईल काढला नाही. सॉरी म्हटलं, शर्ट पुसून दिला. निघताना लेकीने काकांना टाटा केला. त्यांनीही केला, जरा लांबूनच.