चूक दुरुस्त करायची कुणी?



बचत गटाचा हिशेब संगणकावर ठेवायला शिकायचं म्हणून मार्व्याहून फेरीबोटीने मनोरीला गेले होते. सॉफ्टवेअर मुक्त, पैसे नाहीत, कुणीही वापरावं, बदलावं. पण वापराची माहिती सगळी इंग्रजीत. एकीने विचारलं, "सगळ्यांचं म्हणता, मग आम्हाला कळेल असं का नाही?"

ही माहिती संकेतस्थळावर कशाने मांडायची, हे बहुधा प्रोग्रामरच ठरवतात. २००८ साली पायथनच्या माहितीसाठी निघालेलं 'स्फिंक्स' हे असंच एक साधन. चांगलं आहे, भाषांतराची सोयही आहे. पण एक ओळ सुधारायची तरी त्याच्या खुणा शिकाव्या लागतात. विकीवर 'संपादन' दाबलं की लिहिता येतं. मराठी विकिपीडिया २००३पासून असाच वाढला. पवईच्या आयआयटीतल्या 'स्पोकन ट्यूटोरियल'ने तिसरी वाट धरली: पडद्यावर कृती दाखवत मराठीसह अनेक भाषांत बोलून शिकवायचं. वाचनाची सवय नसलेलीलाही ते जमतं. मात्र सॉफ्टवेअर बदललं की पुन्हा ध्वनिमुद्रण आलं.

निर्दोष साधन एकही नाही. म्हणून निवडताना मी पहिला प्रश्न हा विचारेन: वापरणाऱ्या बाईला चूक दिसली, तर ती स्वतः दुरुस्त करू शकेल का? निदान कळवू शकेल का? समजावून सांगणं हे दुय्यम काम मानलं जातं. घरात आणि संघटनेत ते आपणच करत आलो. मग ते कशाने करायचं, हे ठरवतानाही आपण हव्यातच.

तुमच्या गटाचा अनुभव जरूर कळवा.