आकड्यांखालची नावं

उत्तर फ्रान्समधलं नव्ह-शापेल हे शेतांनी वेढलेलं छोटंसं गाव. पहिल्या महायुद्धात ते ब्रिटिश आणि जर्मन सैन्यांच्या ऐन मध्ये सापडलं आणि त्याच्या गल्ल्यांत आपल्या खडकीचे सॅपर्स लढले.

सॅपर्स म्हणजे लष्करातले कारागीर. पूल बांधणं, रस्ते करणं, सुरुंग लावणं हे त्यांचं काम. असा माणूस तयार व्हायला वर्षं लागतात. पण ऑक्टोबर १९१४मध्ये गाव जर्मनांच्या हाती गेलं आणि पायदळ अपुरं पडलं. २८ तारखेला खडकीच्या २० आणि २१ क्रमांकाच्या कंपन्यांना ४७व्या शीख पलटणीबरोबर बंदुकांना संगिनी लावून पुढे धाडलं. घराघरांत हातघाई झाली. गाव हाती आलं, पण पाठीमागून पुरेशी कुमक आली नाही आणि त्याच दिवशी ते सोडावं लागलं. सॅपर्सचे जवळजवळ सगळे इंग्रज अधिकारी मेले किंवा जखमी झाले.

१० मार्च १९१५ला पुन्हा हल्ला झाला. हल्ला करणाऱ्यांत निम्मे हिंदी शिपाई होते. गाव पहिल्याच दिवशी घेतलं, पुढची फळी मात्र फुटली नाही. तीन दिवसांत हिंदी फौजेचे चार हजारांवर लोक मेले किंवा जखमी झाले.

फ्रान्स आणि बेल्जियममध्ये पडलेल्या आणि कबरही न लाभलेल्या ४,७००हून अधिक हिंदी सैनिकांची नावं नव्ह-शापेलमधल्या स्मारकावर कोरली आहेत. १९२७मध्ये उभारलेल्या या स्मारकाच्या स्तंभावर कमळ आहे.

आपल्याकडे काय आहे? सातारा-रत्नागिरीकडच्या काही गावांत जुनी संगमरवरी पाटी दिसते: या गावातून इतके लोक महायुद्धात गेले, त्यांपैकी इतके मेले. नुसते आकडे. हे लोक परक्या सरकारसाठी लढले हे खरंच. पण पोटासाठी घर सोडलेल्या माणसाचं नाव फ्रान्समधल्या दगडावर असावं आणि त्याच्या गावात कुणालाच ठाऊक नसावं, हे मला बोचतं.

कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या नोंदी सर्वांना खुल्या आहेत. अनेक नोंदींत शिपायाच्या वडिलांचं नाव, गाव आणि जिल्हाही लिहिलेला आहे. गावच्या शाळेने मुलांकडून या नोंदी धुंडाळून घ्याव्यात, ग्रामपंचायतीने सापडलेली नावं त्या पाटीखाली कोरावीत, आणि २६ जानेवारीला झेंडावंदनाच्या वेळी ती मोठ्याने वाचावीत.