सुवेझचे राष्ट्रीयीकरण, मग राजापूरची मात्र लूट?

गंगा प्रकटल्याची वार्ता आली की महाराष्ट्राच्या कानाकोपऱ्यांतून सहकुटुंब माणसे राजापूरची वाट धरतात. उन्हाळ्याच्या कुंडांवर स्नान होते, धूतपापेश्वराचे दर्शन होते आणि मंडळी परततात. याच गावात एके काळी इंग्रजांची वखार होती आणि त्या वखारीचा हिशेब छत्रपती शिवाजी महाराजांनी चुकता केला होता, याची आठवण त्यांतल्या किती जणांना होते? ज्यांना होते त्यांनाही ती एकाच शब्दाने होते. तो शब्द म्हणजे ‘राजापूरची लूट’. इंग्रज गेले, त्यांचा ध्वज उतरला. त्यांनी दिलेला शब्द मात्र आपल्या जिभेवर आहे तसाच राहिला.

या शब्दाचा विचार करण्यासाठी थोडे दूर जाऊ. २६ जुलै १९५६ रोजी इजिप्तचे अध्यक्ष गमाल अब्दुल नासेर यांनी अलेक्झांड्रियातील भाषणात सुवेझ कालव्याची कंपनी राष्ट्राच्या मालकीची झाल्याचे घोषित केले. ब्रिटन आणि फ्रान्स खवळले. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरअखेर इस्रायलने आणि पाठोपाठ या दोन्ही सत्तांनी इजिप्तवर आक्रमण केले; पण जागतिक दडपणापुढे त्यांना माघार घ्यावी लागली. भारताने इजिप्तची बाजू घेतली. आपल्याकडील पुरोगामी विचारवंतांनी त्या घटनेला ‘साम्राज्यशाहीविरुद्धचा एल्गार’ म्हणून गौरविले आणि आजही गौरवितात. त्यात गैर काहीच नाही. आपल्या भूमीतून खणलेल्या, आपल्या मजुरांच्या घामाने उभ्या राहिलेल्या कालव्यावर आपला अधिकार सांगणे हा कोणत्याही राष्ट्राचा धर्मच आहे.

प्रश्न आहे तो मापाचा. जे माप नासेरला लावता, तेच शिवरायांना का लावत नाही? कालवा ताब्यात घेतला की ‘राष्ट्रीयीकरण’ आणि वखार ताब्यात घेतली की ‘लूट’, हा कोणत्या शब्दकोशाचा न्याय?

घटनाक्रम पाहा. १६४९ च्या सुमारास इंग्रजांनी राजापुरात वखार थाटली. मिरी, कापड यांचा व्यापार करावा, जकात भरावी आणि नफा मिळवावा, एवढाच त्यांचा अधिकार. १६६० मध्ये सिद्दी जौहरने पन्हाळ्याला वेढा घातला. महाराज गडावर अडकलेले. अशा वेळी राजापूर वखारीचा प्रमुख हेन्री रेव्हिंग्टन तोफ आणि दारूगोळा घेऊन पन्हाळ्याखाली हजर झाला आणि इंग्रजांचे निशाण फडकावून त्याने गडावर गोळे डागले. व्यापाऱ्याने तागडी खाली ठेवून तोफेला बत्ती दिली, त्या क्षणी तो व्यापारी उरला नाही. तो युद्धातील शत्रू झाला.

महाराज वेढ्यातून निसटले. बाजीप्रभू आणि त्यांच्या साथीदारांनी त्यासाठी दिलेले मोल महाराष्ट्र विसरलेला नाही. मार्च १६६१ मध्ये मराठी फौज राजापुरात उतरली. वखार खणून काढण्यात आली, रेव्हिंग्टन आणि त्याचे सहकारी कैद झाले आणि सुमारे दोन वर्षे कैदेत राहिले. आणि या शिक्षेचे कारण काय, हे त्यांना कोणी सांगितले? मराठी बखरकारांनी नव्हे, सुरतेच्या त्यांच्याच वरिष्ठांनी! कैदेतून तक्रारी करणाऱ्या या मंडळींना सुरतकरांनी १६६२ मध्ये सुनावले की, तुम्ही कंपनीच्या मालाचे रक्षण करताना पकडले गेलेला नाहीत. आपले निशाण लावून पन्हाळ्यावर गोळे टाकायला गेलात, म्हणून तुरुंगात आहात. प्रत्यक्ष आरोपीचा धनीच गुन्हा कबूल करतो आणि आम्ही मात्र त्या शिक्षेला ‘लूट’ म्हणत राहतो!

येथे काही आक्षेप घेतले जातात. त्यांना उत्तर दिलेच पाहिजे. पहिला आक्षेप असा की, राजापूरच्या इतर धनिकांकडूनही त्या वेळी द्रव्य घेतले गेले. घेतले गेले, हे खरेच आहे. राजापूर हे तेव्हा आदिलशाहीचे संपन्न बंदर होते आणि आदिलशाहीशी युद्ध चालू होते. शत्रूचे अर्थबळ तोडणे हे त्या काळी जगभर युद्धाचे अंगच मानले जाई. या भागाची चर्चा करायची तर अवश्य करावी. पण त्याच्या आडून वखारीचा अपराध झाकला जाऊ नये.

दुसरा आक्षेप असा की, नासेरने भागधारकांना भरपाई दिली. होय, १९५८ मध्ये २ कोटी ८३ लाख इजिप्शियन पौंडांचा करार झाला. मग १६७४ चे काय? राज्याभिषेकाच्या वेळी हेन्री ऑक्झिंडेन रायगडावर आला, तेव्हा झालेल्या तहात राजापूरच्या नुकसानीपोटी १० हजार होनांचा मोबदला ठरला होता. पुढे राजापुरात इंग्रजांना पुन्हा वखार उघडू दिली गेली. लुटारू कधी भरपाईचे कलम लिहितो काय? मात्र त्याच वाटाघाटीत इंग्रजी नाण्याला हुकमाने चलन देण्यास आणि किनाऱ्याला लागलेल्या फुटक्या जहाजांवरील राज्याचा हक्क सोडण्यास महाराजांनी प्रथम ठाम नकार दिला होता. नाणे आपल्या अंगच्या किमतीने चालेल आणि कोकणचा कायदा कोकणात चालेल, ही ती भूमिका. याला सार्वभौमत्वाची जाण म्हणायचे नाही तर कशाला म्हणायचे?

तिसरा आक्षेप विद्वानांचा. सतराव्या शतकात ‘राष्ट्रवाद’ नव्हताच, असे ते म्हणतात. शब्द नसेल, पण परक्याने आपल्या भूमीत आपल्या राज्याविरुद्ध शस्त्र उचलू नये, ही भावना शब्दाची वाट पाहत थांबत नाही. अरब राष्ट्रवादाची परिभाषाही एकोणिसाव्या-विसाव्या शतकांतलीच. म्हणून अरबांना त्याआधी आपल्या भूमीचा अभिमान नव्हता, असे कोणी म्हणत नाही. तो कठोरपणा फक्त आमच्यासाठी राखून ठेवलेला असतो.

वखारीचे पुढे काय होते, हे ज्यांना वेळीच दिसत नाही त्यांची गत इजिप्तच्याच इतिहासात वाचावी. १८६९ मध्ये कालवा खुला झाला. कर्जात बुडालेल्या खेदिव इस्माईलने १८७५ मध्ये आपले भाग ब्रिटनला विकले. १८७६ मध्ये धनकोंचा कर्ज आयोग आला आणि १८८२ मध्ये ब्रिटिश फौज आली. ‘इजिप्त इजिप्शियनांचा’ म्हणणाऱ्या अहमद उराबींचा तेल-एल-कबीरला पराभव झाला आणि त्यांना सिलोनला हद्दपार करण्यात आले. आधी हिशेबाची वही, मग बंदूक, शेवटी हद्दपारी, असा तो क्रम आहे. पुढल्याच वर्षी, १७ फेब्रुवारी १८८३ रोजी, आद्य क्रांतिकारक वासुदेव बळवंत फडके यांनी एडनच्या तुरुंगात देह ठेवला. हे एडन १८३९ मध्ये ज्या कंपनीने बळकावले, तीच राजापूरची वखारवाली ईस्ट इंडिया कंपनी! अनेक दशके एडनचा कारभार मुंबई इलाख्यातून चालला. राजापूरच्या खाडीला अरबी गलबतांची ओळख जुनी होती. त्या समुद्राच्या दोन्ही काठांना एकाच साखळीने जखडले गेले. एडनमधून इंग्रज गेला तो ३० नोव्हेंबर १९६७ रोजी.

अरबांच्या लढ्याने दुसराही धडा दिला आहे आणि तो अधिक कडू आहे. मक्केचा शरीफ हुसेन इंग्रजांच्या पत्रांवर विसंबून जून १९१६ मध्ये तुर्कांविरुद्ध उठला. त्याआधीच, मे महिन्यात, ब्रिटन आणि फ्रान्स यांनी साइक्स-पिको करारात अरब प्रदेश आपसात वाटून घेतले होते. त्याचा पुत्र फैसल मार्च १९२० मध्ये दमास्कसला राजा झाला. जुलैत मैसलूनच्या लढाईत फ्रेंचांनी ते राज्य मोडले. परक्याच्या खांद्यावर बसून स्वातंत्र्याच्या वेशीपर्यंत जाता येते, आत मात्र जाता येत नाही.

आणि आपण? अरबांना हसण्याचा अधिकार आपल्याला नाही. १७५६ मध्ये राजापूरच्या दक्षिणेला विजयदुर्गापाशी पेशव्यांनी इंग्रजांना हाताशी धरून तुळाजी आंग्र्यांचा पाडाव केला. मराठ्यांचे आरमार मराठ्यांच्या संमतीने जळाले! शिवरायांनी ज्यांचे दात राजापुरात पाडले, त्यांनाच शंभर वर्षांच्या आत आपण घरात बोलावले. पुढे याच परदास्यात आपले सैनिक दुसऱ्यांच्या बेड्या घडवायला वापरले गेले. एप्रिल १९१६ मध्ये मेसोपोटेमियातील कुत येथे शरण गेलेल्या सुमारे १३ हजारांच्या सैन्यात मराठा पलटणी होत्या. त्या दलाचे नावच ‘पूना डिव्हिजन’ होते. त्या शूरांचा दोष नाही. पण गुलाम राष्ट्राचे शौर्यही मालकाच्या खात्यावर जमा होते, हे विसरता येत नाही.

रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात याचे सार आहे. टोपीकर इतर सावकारांसारखे नव्हेत, त्यांच्यामागे त्यांचे राजे आहेत. व्यापारापुरते येऊ द्यावे, पण समुद्रकाठी बळकट जागा देऊ नये, असे तो मुत्सद्दी बजावतो. व्यापाराला दार उघडे, सत्तेला बंद, ही ती नीती. परकीय भांडवल आजही येते आणि येवोही. पण दाराची कडी कोणाच्या हाती आहे, हे पाहणारा डोळा मिटता कामा नये.

आणि हा डोळा शब्दांनीच उघडा राहतो. म्हणून वाचकांना एवढेच सांगणे आहे. पुढच्या वेळी राजापूरला जाल, तेव्हा गंगास्नानानंतर मुलांना वखारीची गोष्ट सांगा. निबंधात, व्याख्यानात, घरच्या गप्पांत ‘राजापूरची लूट’ हा शब्द आला, तर तेथेच थांबवा आणि म्हणा : ती लूट नव्हती, ती शिक्षा होती. परकीय सत्तेला या भूमीत आपल्या राजाने दिलेली शिक्षा, सुवेझच्या २९५ वर्षे आधी.